पाण्यावरची चाचणी

"हे दुसरं काय चिकटवलंय?"

पाठारे साहेबांनी आवाज खाली ठेवला होता, कारण कुंभोजकर बाई जवळच उभ्या होत्या. पण त्यांचं बोट माझ्या बोर्डावर टेकलं होतं. मूळ चिपच्या शेजारी मी आणखी एक चिप बसवली होती, बारीक निळ्या वायरी ओढून. सुबक काम नव्हतं. माझ्या हातून सोल्डरिंग कधीच सुबक झालं नाही.

"दुसरी चिप आहे, साहेब."

"ते दिसतंय मला. का आहे?"

"एकीत मावलं नाही."

"काल मावत होतं."

काल मावत होतं, हे खरं. साहेबांनी सांगितल्यावरून मी प्रोग्रॅममधल्या सगळ्या तपासण्या काढल्या होत्या आणि तो एका चिपमध्ये बसला होता. ते गेल्यावर मी तपासण्या परत घातल्या. त्यांना न विचारता. अकरा माणसांच्या त्या कारखान्यात मी कधी चहाचा कपसुद्धा न विचारता दुसरा घेतला नव्हता.

"तपासण्यांसकट आणलंय," मी म्हणालो.

साहेबांनी डोळे मिटले. मग उघडले, बाईंकडे वळले आणि हसले. "बाई, आमच्या उपळेकरांचं बोर्ड जरा अंगानं भरलेलं आहे. पण चालेल."

"अंगानं भरलेलं चालतं की," कुंभोजकर बाई म्हणाल्या. "मला काय त्याच्याशी लग्न लावायचंय?"

ही गोष्ट तीस-बत्तीस वर्षांपूर्वीची आहे. सांगलीजवळचा एक दूध संघ आपल्या सगळ्या डेअऱ्यांमध्ये पाश्चरायझरवर इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर बसवणार होता, आणि ते काम मिळावं म्हणून आम्ही दोन बोर्डं घेऊन तिथे गेलो होतो. कंट्रोलरचं काम सांगायला सोपं. दूध बहात्तर अंशांना तापलं तर व्हॉल्व्ह उघडून ते पुढे पिशव्यांकडे सोडायचं. तापलं नाही तर व्हॉल्व्ह फिरवून परत तापायला पाठवायचं. व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंग असते. वीज गेली किंवा कंट्रोलर बंद पडला, तर स्प्रिंग व्हॉल्व्ह मागे ओढते आणि दूध पुढे जात नाही. कुंभोजकर बाई त्या डेअरीच्या प्रमुख. दुग्धशास्त्र शिकलेल्या, पन्नाशीच्या, पांढऱ्या कोटाखाली नऊवारीच्या काठासारखा रुंद काठ मिरवणाऱ्या. त्या हो म्हणाल्या तर संघ हो म्हणणार होता.

दोन बोर्डं दोन भाषांतली. एकावरचा प्रोग्रॅम आमच्या इरफान शिकलगारनं सी भाषेत लिहिला होता, परदेशातून मागवलेल्या कम्पायलरवर. कम्पायलर म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या आकड्यांत उतरवून देणारा प्रोग्रॅम. दुसऱ्या बोर्डाचा कम्पायलर मी स्वतः लिहिला होता. परदेशी कम्पायलर परवडत नव्हता तेव्हा सुरू केला, आणि मग सुटलाच नाही. सात वर्षं त्याच्यावर घातली. पास्कल नावाच्या भाषेच्या वळणाची छोटी भाषा होती ती. तिला मी नाव दिलं नव्हतं, म्हणून कारखान्यात सगळे तिला 'उपळेकरी' म्हणायचे. आधी चेष्टेत, मग सवयीनं.

उपळेकरीची खोड एवढीच, की ती विश्वास ठेवत नसे. शंभर खान्यांचा तक्ता असेल आणि प्रोग्रॅम एकशे पाचवा खाना मागू लागला, तर ती तिथल्या तिथे थांबायची. हे बघण्यासाठी ती प्रत्येक ठिकाणी आपली तपासणी घालायची, आणि त्या तपासण्यांनी प्रोग्रॅम फुगायचा, मंद व्हायचा. परदेशी सी असलं काही करत नसे. मागाल तो खाना देत असे, असो वा नसो.

साहेबांचं म्हणणं होतं, तपासण्या काढा, नाहीतर तुमची भाषा आजच्या आज बंद. माझं म्हणणं होतं, तपासण्या राहू देत. पण हे मी डेअरीच्या दुधासाठी म्हणतोय की भाषा नावाच्या माझ्या लेकरासाठी, ते मला कळत नव्हतं. मनापासून सांगतो, कळत नव्हतं.

"सुरू करा," बाई म्हणाल्या. "संध्याकाळचं दूध यायच्या आत मला हॉल मोकळा पाहिजे."

नवीन यंत्र कधी थेट दुधावर चालवत नाहीत. आधी पाण्यावर. पाइपांतून पाणी सोडलं, वाफ चालू केली. एकाच सेन्सरचा आकडा दोन्ही बोर्डांना दिला होता. व्हॉल्व्ह मात्र एका वेळी एकाच्याच ताब्यात. साहेबांना दिमाख आवडायचा, म्हणून जीपमध्ये घालून कम्प्यूटर आणि चिप भाजायचं, म्हणजे तिच्यात प्रोग्रॅम उतरवायचं, यंत्रही आणलं होतं. कम्प्यूटरच्या पडद्यावर दोन्ही बोर्डांच्या फेऱ्या मोजल्या जात होत्या. सेन्सर वाचायचा, तक्त्यात तापमान शोधायचं, व्हॉल्व्हला हुकूम द्यायचा, ही एक फेरी.

इरफानचं बोर्ड माझ्या बोर्डाच्या जवळजवळ तिप्पट फेऱ्या मारत होतं.

"बघा," साहेब म्हणाले. "वेग तिप्पट. आणि जागा किती रे, इरफान?"

"साडेनऊ के, सर."

"साडेनऊ. एका चिपमध्ये अजून वर माळा चढवता येईल. आणि उपळेकर, तुमचं?"

"सतरा," मी म्हणालो. चिप सोळा किलोबाइटची होती.

इरफान माझ्याकडे बघत नव्हता. चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा, मिरजेचा, वडील सतारी बनवणाऱ्यांकडे लाकूड कापायला जायचे. डोक्यानं माझ्यापेक्षा तल्लख. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन उपळेकरी आतून कशी चालते ते विचारत बसायचा. त्या दिवशी जिंकण्याची त्याला लाज वाटत होती, आणि मला त्याच्या लाजेची लाज.

"वेग कशाला पाहिजे एवढा?" बाईंनी विचारलं. "दूध काय पळून जातंय?"

"बाई, वेग म्हणजे क्षमता," साहेब म्हणाले.

"असेल बाई."

पाणी बहात्तरच्या वर गेलं. व्हॉल्व्ह तेव्हा माझ्या बोर्डाकडे होता. तो खटकन पुढे पडला आणि मला हायसं वाटलं. हॉलच्या त्या टोकाला एक माणूस पाइप घेऊन फरशी धूत होता. डेअरीत पाण्याचा पाइप कुणी खाली ठेवत नाही. यंत्र चालू असो वा बंद, धुणं चालूच. धुता धुता तो आमच्यापर्यंत आला, पाश्चरायझरच्या अंगावरून फवारा मारला आणि पुढे गेला.

व्हॉल्व्ह खटकन मागे आला.

माझ्या बोर्डाच्या पडद्यावरचं तापमान गेलं होतं. तिथे नुसतं ई आणि तीन उमटलं होतं. फेऱ्यांचा आकडा जागच्या जागी उभा.

"बसलं!" हॉलमधल्या कुणीतरी म्हटलं, आणि दोघं-तिघं हसले.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"हा... हा बिघाड नाही," मी म्हणालो. "म्हणजे बिघाड आहे, पण..."

"उपळेकर," साहेब गोड आवाजात म्हणाले, "व्हॉल्व्हची वायर इरफानकडे द्या."

ई-तीन म्हणजे काय, ते मला माहीत होतं. तो आकडा मीच ठरवला होता. तक्त्याबाहेरचा खाना मागितला गेला होता. पण चार माणसं हसत असली की मला वाक्य सुरू करता येत नाही. आजही येत नाही. मी वायर काढून इरफानच्या बोर्डाला लावली. तिथे चौऱ्याहत्तर अंश दिसत होते. व्हॉल्व्ह पुन्हा पुढे पडला. सगळं सुरळीत.

"आता वाफ तोडते," बाई म्हणाल्या. "बहात्तरच्या खाली आलं की व्हॉल्व्ह फिरला पाहिजे."

वाफेचं चाक त्यांनी स्वतः फिरवलं. आम्ही वाट बघत उभे राहिलो. चौऱ्याहत्तर. साहेब बाईंना सांगू लागले, की दिवाळीच्या आत सगळ्या डेअऱ्यांत बसवून देतो. चौऱ्याहत्तर. बाई ऐकत होत्या, पण त्यांचा तळहात पाइपावर होता. चटका बसावा अशा पाइपावर त्यांनी तो निवांत ठेवला होता.

"काय हो पाठारे, हे गार कधी व्हायचं?"

"पाणी उष्णता धरून ठेवतं, बाई."

"माझ्या हाताला तर पाइप गार लागतोय." त्यांनी कोटाच्या खिशातून काचेचा थर्मामीटर काढला, नमुन्याच्या नळीतून भांड्यात पाणी घेतलं, थर्मामीटर बुडवला आणि चष्मा कपाळावर सारून वाचला. "पंचेचाळीस."

इरफानच्या बोर्डावर चौऱ्याहत्तर. व्हॉल्व्ह पुढेच. न तापलेलं पाणी पिशव्यांच्या दिशेनं खळाळत चाललं होतं.

आता कुणी हसलं नाही. इरफान खाली बसला आणि सेन्सरचं डोकं चाचपू लागला. "ओलं झालंय," तो म्हणाला. "आकडा शून्याच्याही खाली गेलाय. तक्त्याच्या आधीचं काहीतरी उचलतोय प्रोग्रॅम. दुसऱ्याच कशाचा तरी आकडा." त्यानं मान वर केली. "सर, उपळेकर सरांचं म्हणून थांबलं होतं."

"म्हणजे याला कळलं होतं?" बाईंनी माझ्या बोर्डाकडे बोट केलं.

"कळलं नव्हतं," मी म्हणालो. "कळत नाही म्हणून थांबलं."

बाईंनी थर्मामीटर पुसून खिशात ठेवला. "बरं आहे की मग. नाही कळत तर गप उभं राहावं. माणसं एवढं करत नाहीत."

पाठारे साहेबांना उगाच साहेब म्हणत नव्हते. कूस बदलायला त्यांना एक श्वास पुरला.

"बाई, हेच मी तुम्हाला दाखवणार होतो," ते म्हणाले. "सी भाषा वेगवान, पण धोक्याची. म्हणून आम्ही सात वर्षं खपून स्वतःची भाषा तयार केली. उपळेकरी. सांगलीत तयार झालेली. आमच्या या उपळेकरांनी. हिच्यात चूक होऊच शकत नाही. चिप दोन लागतात, बोर्ड थोडं महाग पडेल, पण सुरक्षेपुढे काय?"

"मग हेच द्या," बाई म्हणाल्या. "ते पळणारं नको मला."

एवढंच. सात वर्षं जे मला कुणी म्हणावं असं वाटत होतं, ते पांढऱ्या कोटातल्या एका हुशार बाईनं सरळ म्हटलं होतं. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. तो त्यांनी आधी कधी ठेवला नव्हता. इरफान खाली बसून वायरी गुंडाळत होता.

"नाही," मी म्हणालो.

आवाज इतका बारीक निघाला, की ऐकला फक्त साहेबांनी. त्यांनी खांद्यावरच्याच हातानं मला दाराबाहेर, कॅन धुण्याच्या कट्ट्याशी नेलं.

"काय नाही?"

"भाषेमुळे थांबलं नाही ते. तपासणीमुळे थांबलं. इरफानच्या सीमध्ये पाच-सात ठिकाणी तपासणी घातली, तर तेही थांबेल. एका चिपमध्ये मावेल, आणि माझ्यापेक्षा वेगानंही चालेल."

"तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय का? ती बाई तुमची भाषा घेतेय!"

"ती तपासणी घेतेय, साहेब. तुम्ही तिला नाव विकताय."

"बरं, विकतोय. तुमचंच नाव आहे ना?"

"काल तुम्ही मला तपासण्या काढायला सांगितलं होतं. काढल्यावरही ती उपळेकरीच होती. पुढच्या गिऱ्हाइकानं घासाघीस केली, तर तुम्ही पुन्हा काढायला सांगाल. आणि तो नावावर विश्वास ठेवून घेऊन जाईल."

मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बहुधा मी माघार घेतली असती.

"उपळेकर," ते हळू म्हणाले, "सीवर काम गेलं, तर तुमच्या भाषेला आपल्याकडे काय काम उरलं? आणि तुम्हाला?"

हा प्रश्न माझ्या मनात त्यांच्या आधीच येऊन बसला होता. माझं वय तेव्हा एकोणपन्नास. सी मला जेमतेम येत होती.

"काही नाही," मी म्हणालो. "पण तपासणी नसलेली चिप माझ्या हातून जाणार नाही. तुम्हाला मला काढायचं असेल तर काढा. आतमध्ये मी हेच सांगणार आहे."

"तुम्ही? चार माणसांत?" ते खरोखर हसले. "वाक्य तरी पुरं कराल का?"

मी आत गेलो. बाई टेबलाशी उभ्या राहून कुणाला तरी वाफ परत चालू करायला सांगत होत्या.

"बाई, मला... मला बोलायचंय," मी म्हणालो. "मध्ये कुणी हसू नका. हसलं की माझं थांबतं."

"तुमचंही ई-तीन होतं होय?" त्या म्हणाल्या, आणि लगेच तोंडावर हात ठेवला. "बोला. नाही हसत."

मी बोललो. नीट जमलं नाही. दोनदा मागे जाऊन पुन्हा सांगावं लागलं. इरफाननं मान वर केली ती खाली घातलीच नाही. साहेब दारात उभे होते.

"थांबा," बाई म्हणाल्या. "तुम्ही तुमचं स्वतःचं यंत्र घेऊ नका म्हणताय?"

"यंत्र कुठलंही घ्या. थांबतंय का ते बघून घ्या."

"आणि हे सगळं मी हो म्हणायच्या आधी सांगायला काय झालं होतं?"

"तेव्हा सगळे हसत होते."

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "दुधाचे ट्रक यायला अजून अवकाश आहे. दाखवा करून. नुसत्या बोलण्यावर मी भाजीसुद्धा घेत नाही."

इरफाननं कम्प्यूटर पुढ्यात ओढला. मी त्याच्या शेजारी स्टूल घेतलं. सीची अक्षरं मला अनोळखी होती, पण तक्त्याला हात कुठे लागतो ते कुठल्याही भाषेत ओळखू येतं. "इथे," मी म्हणायचो, आणि तो ओळ घालायचा. एका ठिकाणी तो म्हणाला, "सर, इथे नको. हा आकडा बाहेर जाऊच शकत नाही."

"सेन्सर शून्याखाली जाईल असं सकाळी वाटलं होतं का?"

त्यानं ओळ घातली.

प्रोग्रॅम उतरवला. साडेनऊचा तेरा झाला. चिप भाजून बोर्डात बसवली, सेन्सरचं डोकं फडक्यानं पुसून कोरडं केलं, पाणी पुन्हा तापवलं. फेऱ्यांचा आकडा पहिल्याइतका राहिला नाही, पण माझ्या दुपटीच्या आसपास होता. मी तो पडद्यावर नीट वाचला. मनात कुठेतरी अजून आशा होती, की तपासण्या घातल्यावर सी उपळेकरीच्या रांगेत येईल. आली नाही. माझा कम्पायलर मंद होता, कारण तो मला तेवढाच चांगला लिहिता आला होता.

व्हॉल्व्ह इरफानच्या बोर्डाकडे. त्र्याहत्तर अंश. पाणी पुढे चाललेलं.

"फवारा मारायला सांगू का?" बाईंनी विचारलं.

"नको," मी म्हणालो, आणि सेन्सरची वायर उपटली.

"अहो!" साहेब दारातून ओरडले.

व्हॉल्व्ह खटकन मागे आला. पडद्यावर ई-तीन. इरफाननं तो आकडाही तसाच ठेवला होता. मला विचारलं नव्हतं त्यानं.

मी हसलो. मोठ्यानं. हॉलमधली माणसं बघू लागली आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

साहेब जवळ आले. "झालं समाधान?" ते म्हणाले. "सात वर्षं, उपळेकर. दुपारच्या जेवणाआधी घालवलीत."

"हो."

बाईंनी टेबलावरचा कागद ओढला आणि पेनचं टोपण काढलं. "संघाला काय कळवू? कुठल्या भाषेतलं पाहिजे म्हणून लिहू?"

"भाषेचं नाव लिहू नका," मी म्हणालो. "असं लिहा, की प्रत्येक डेअरीत कंट्रोलर बसवताना तिथल्या माणसानं स्वतःच्या हातानं सेन्सरची वायर काढून बघायची. थांबला तर घ्यायचा. नाही थांबला तर परत. आम्ही काहीही सांगितलं तरी. मी सांगितलं तरी."

"माझ्याच गिऱ्हाइकाला शिकवताय?" साहेबांचा आवाज आता गोड नव्हता. "माझ्यावर विश्वास ठेवू नका म्हणून?"

"हो, साहेब."

बाई लिहीत होत्या. त्यांनी ओळ पुरी केली, खाली रेघ ओढली. मी वायर परत जोडली. व्हॉल्व्ह पुढे पडला, पाणी पुन्हा वाहू लागलं.

"सरका," त्या मला म्हणाल्या. पेन खिशाला अडकवलं, कोटाच्या बाह्या वर केल्या आणि वायरीला हात घातला. "आता मी काढते."